आईच्या हातातली पट्टी

माझ्या जावयाने माझ्या मुलीचा डावा हात मोडला आणि मी तिला रंगापुऱ्याहून कायमची घरी घेऊन आले, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घरात अजूनही त्या वर्षाला नागूचा हात मोडला ते वर्ष असंच म्हणतात.

नागू म्हणजे नागरत्ना, माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा ती तीन महिन्यांची गरोदर होती. तिचा नवरा रंगधाम तिपटूरच्या बस स्टँडसमोर शहाळी विकायचा. शहाळं डाव्या तळहातावर धरून कोयत्याच्या एका फटक्यात त्याचं डोकं उडवायचा, आणि लोक शहाळं नको असलं तरी बघायला उभे राहायचे. नागूने एकदा सासूला उलट उत्तर दिलं. त्याने त्याच कोयत्याची मागची बाजू तिच्या कोपराखाली घातली. पुढे पंचांसमोर तो सांगत होता, "धार नाही लावली. पाठ लावली." जसं काही उपकारच केले.

पंचांनी त्याला समज दिली. मी नागूला घेऊन आले. त्यानंतर तो दोनदा आमच्या दाराशी आला. पहिल्यांदा म्हैसूरपाक घेऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा आमचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं, तर त्याने कुत्र्याचं मुंडकं उडवलं, ते पायाने माझ्या उंबऱ्यापर्यंत ढकललं आणि म्हणाला (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात), "आत्या, मुलगी ठेवा हवी तर. पोरगा झाला तर तो माझा."

मी तिपटूरच्याच षडक्षरी नर्सिंग होममध्ये आया होते. बाळंतपणाचा दवाखाना. वीस वर्षं तिथे मी घाण उपसली होती, त्यामुळे नागूचं बाळंतपण तिथेच होणार हे ठरलेलं होतं.

आता त्या दवाखान्यातली पद्धत सांगायला हवी. बाळ झालं की आया ते फडक्यात गुंडाळून बाहेर व्हरांड्यात न्यायची आणि नातेवाइकांना दाखवायची. मुलगा असेल तर हातावर जास्त पैसे पडायचे, मुलगी असेल तर कमी, आणि तिसरी मुलगी असेल तर शिव्या. जो पुढे येऊन हात पसरेल त्याच्या हातात बाळ द्यायचं. कोणी ते समोरच्या केंपम्मादेवीच्या (माझंही नाव तिच्यावरूनच ठेवलेलं) देवळात नेऊन आणायचं, कोणी रिक्षात बसलेल्या पणजीला दाखवायचं. तुम्ही कोण, असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. विचारलं असतं तर माणसं रागावली असती.

मग नागू घरी आली त्याच्या आदल्या वर्षी एक दिवस सिद्दम्मा आयाने सुपारीच्या एका व्यापाऱ्याचं बाळ हिरव्या काठाच्या लुगड्यातल्या एका बाईच्या हातात दिलं. ती बाई म्हणाली, मी आत्या. बाळाला आत्या नव्हतीच. ते मूल आजतागायत सापडलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत सुपारीवाल्याची माणसं पहारी घेऊन आली. त्यांनी सिद्दम्माला केसांना धरून रस्त्यावर ओढलं. पोटाचा फोटो काढायचं यंत्र जिन्यावरून खाली लोटलं. पळताना एक बाळंतीण पडली आणि तिचे टाके उसवले. डॉक्टर षडक्षरी हात जोडून पुढे आले तर त्यांच्या जबड्यावर पहार बसली. पुढचे चार दात आणि एका बाजूचं हाड गेलं. महिनाभर ते नळीने तांदळाची पातळ गंजी पीत होते.

तारेने बांधलेल्या जबड्यातून ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "मानांकन घ्यायचं."

मानांकन म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांचे धाकटे भाऊ विश्वाराध्य दवाखान्याचा कारभार बघत. त्यांनी आम्हाला सांगितलं, "बाहेरची माणसं येऊन दवाखाना तपासतात. पास झालो की दारावर बोर्ड लागतो. बोर्ड असला की दगड मारणारा दोनदा विचार करतो." विश्वाराध्यांना त्याचा एवढाच अर्थ कळला होता. डॉक्टरांना दुसरा अर्थ कळला असावा, कारण त्यांनी बेंगळुरूहून हेमावती सिस्टरना आणलं.

हेमावती सिस्टर उंच, काटकुळ्या, आणि तोंडाने फाटक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या आयांना भिंतीशी उभं केलं. "बाळाच्या पायात नावाची पट्टी असेल. तीच पट्टी आईच्या उजव्या हातात असेल. दोन्ही जुळल्याशिवाय बाळ कोणाला द्यायचं नाही, आणि द्यायचं ते आईच्या हातात. आजी नाही, आत्या नाही, देव खाली उतरला तरी नाही. आणि जिला पट्टीवरचं नाव वाचता येत नाही तिने बाळाला हात लावायचा नाही."

"सिस्टर, म्हणजे आमच्या पोटावर पाय देताय," मी म्हणाले.

"नाही केंपम्मा. दुसऱ्याच्या पोटचं विकून तुमचं पोट भरायचं बंद करतेय."

"आम्ही विकलं नाही. आम्ही दाखवलं."

"सिद्दम्मानेही दाखवलंच होतं."

 माझी पन्नाशी उलटलेली. दुपारी जेवणं झाली की त्या आम्हाला स्टोअरच्या खोलीत बसवायच्या आणि जुन्या पट्ट्यांवरची नावं वाचायला लावायच्या. वाचायला चुकलं की म्हणायच्या, "हे बाळ गेलं बघ. आता पोलिसांना काय सांगतेस ते सांग." मी अक्षरं शिकले ती अशी, दर चुकीला एक बाळ हरवून.

बाळांच्या खोलीला नवं दार बसलं. वर स्प्रिंगचा दांडा, हात सोडला की दार आपोआप लागायचं. कडी आतून. बाहेरून नुसता गुळगुळीत पत्रा आणि छातीच्या उंचीवर काचेची एक फट. बाहेरून उघडताच येत नसे. आणीबाणीच्या शस्त्रक्रियेचा एक संच उकळून, बांधून, वेगळ्या कपाटात ठेवला गेला, त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायला बंदी. असं बरंच काही झालं. एक वर्ष त्यात गेलं.

गौरीच्या सणाच्या सुमारास तपासणीवाले आले. त्यांच्यातली एक बाई डोक्यावर पदर घेऊन, पान खाऊन, बाळांच्या खोलीपाशी आली आणि जयम्मा आयाला म्हणाली, "माझ्या नातवाला जरा उन्हात नेते गं." जयम्माने तिला असं काही सुनावलं की त्या बाईच्या तोंडातलं पान खाली पडलं. मग ती हसली आणि आपण कोण ते सांगितलं. आम्ही पास झालो. बोर्ड लागला. विश्वाराध्यांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "आता तीन वर्षं निवांत. पुढची तपासणी येईल तेव्हा बघू."

नागू दसऱ्याच्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगा झाला. अंगाने चांगला होता, पण दुसऱ्या दिवशी पिवळा पडला, म्हणून त्याला बाळांच्या खोलीत निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर कापसाची पट्टी, पायात नावाची. मी स्वतः वाचली. नागरत्नाचा मुलगा. नागू पलीकडच्या टोकाच्या वॉर्डात होती. तिचा डावा हात अजून सरळ होत नव्हता, म्हणून दूध पाजायला बसली की मी तिच्या कोपराखाली उशी द्यायचे.

"अम्मा, तो येईल का गं?" ती विचारायची.

"येऊ दे. दार बघितलंयस ना."

नवमी उजाडली. आयुधपूजा. त्या दिवशी जो ज्याच्यावर पोट भरतो त्याची पूजा करतो, आणि पूजेला मांडलेलं काही दुसऱ्या दिवसापर्यंत उचलत नाही. आमच्या दवाखान्यात सकाळपासून विश्वाराध्यांची धावपळ चालली होती. जनरेटरला विभूतीची बोटं, गाडीच्या बॉनेटला शेवंतीचा हार, तराजूला कुंकू. कात्र्या, चिमटे, टाके घालायच्या सुया एका ताटात मांडून त्यावर फुलं. आणीबाणीचा संचही ते ताटात मांडायला निघाले होते. हेमावती सिस्टर कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "हा नाही."

"देवाचं काम आहे सिस्टर."

"देवाला सांगा, हा कामावर आहे."

तो संच वाचला. दाराचं मात्र तसं झालं नाही. प्रत्येक दाराला दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले आणि वर आंब्याचं तोरण. बाळांच्या खोलीचं दार आपोआप लागायचं, आणि लागताना दर वेळी तोरण ओढून खाली पाडायचं. दोनदा बांधलं, दोनदा पडलं. तिसऱ्यांदा विश्वाराध्यांनी दार सताड उघडून भिंतीला टेकवलं आणि त्याची आतल्या बाजूची मूठ बाहेरच्या बोळातल्या खिडकीच्या गजाला सुतळीने आवळून बांधली. त्यांच्या हातची गाठ, ओली सुतळी, पाच-सहा वेढे.

"आज दारालाही सुट्टी," ते म्हणाले.

सिस्टरांनी ते पाहिलं आणि कात्री शोधायला लागल्या. "कात्री द्या कोणीतरी."

"सगळ्या पूजेत आहेत," जयम्मा म्हणाली. "आज कशी उचलायची?"

सिस्टर नखांनी गाठ सोडायला लागल्या. विश्वाराध्य शेजारी उभे राहून म्हणाले, "वर्षातून एक दिवस, सिस्टर. तपासणीवाले आज येत नाहीत. ते आपापल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत असतील."

"मूल न्यायला वर्ष लागत नाही."

तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून हाक आली, एक बाई अडली होती. त्या मला म्हणाल्या, "केंपम्मा, इथून हलू नको," आणि गेल्या. मी गाठीशी खटपट केली. ओली सुतळी फुगून दगड झाली होती.

दुपारी खाली आरती सुरू झाली. कोहळा फोडायला सगळा दवाखाना फाटकापाशी जमला. सिस्टर बाळंतीण मोकळी करून परत आल्या होत्या, हात पुसत. खोलीत त्या, मी आणि सात बाळं. एवढ्यात विश्वाराध्य जिना चढून वर आले, आणि त्यांच्या मागे रंगधाम.

अंघोळ केलेली, नवा शर्ट, कपाळावर विभूती. काखेत केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. विश्वाराध्यांच्या हातात त्याने दिलेली दोन शहाळी होती.

"सिस्टर, हा नागरत्नाचा नवरा," विश्वाराध्य म्हणाले. "चांगलं बोलतोय बिचारा. एक तासासाठी बाळ नेतो म्हणतोय. त्यांच्याकडे पहिला मुलगा आयुधपूजेला घरच्या हत्यारांपुढे ठेवायची रीत आहे. पूजा झाली की आणून देईल."

"माझ्या बापाने मला ठेवलं होतं," रंगधाम म्हणाला. "म्हणून हात असा चालतो."

"कसा चालतो ते नागूच्या हाडाला विचार," मी म्हणाले.

"आत्या, तुम्ही मध्ये पडू नका. बाप-लेकाचं काम आहे."

सिस्टर दाराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "बाळ दिव्याखाली आहे. आणि दिव्याखाली नसतं तरी मिळालं नसतं. इथे बाळ फक्त आईच्या हातात देतात. तिच्या हातातली पट्टी आणि बाळाच्या पायातली पट्टी जुळली की."

"पट्टी म्हणजे काय?"

सिस्टर बोलण्याआधी विश्वाराध्य बोलले. त्यांना भांडण नको होतं, खाली आरतीचं ताट थांबलं होतं. त्यांनी आपल्या मनगटाभोवती बोट फिरवून दाखवलं. "ही अशी, प्लास्टिकची, निळी. नागरत्नाच्या हातात आहे बघ. ती असली की काम होतं."

"म्हणजे पट्टी आणली की पोरगा मिळणार."

"हो, मग काय."

"पट्टी नाही," सिस्टर म्हणाल्या, "आई लागते. तिने यायचं, तिने मागायचं."

पण रंगधाम तोवर वळला होता. तो जिन्याकडे गेला नाही. बोळातून वॉर्डाकडे गेला, आणि जाता जाता त्याने केळीचं पान सोडलं. पान खाली पडलं. हातात कोयता होता. पात्यावर विभूतीच्या तीन रेघा, मध्ये कुंकू, मुठीला दोऱ्याने बांधलेलं शेवंतीचं फूल. पूजेला मांडलेला कोयता त्याने त्याच दिवशी उचलून आणला होता.

मी धावले. माझ्यामागे सिस्टर विश्वाराध्यांवर ओरडत होत्या, "घंटा दाबा, माणसं बोलवा." खोली रिकामी सोडायची नाही म्हणून त्या दारातून हलल्या नाहीत.

मी पोचले तेव्हा नागू खाटेवर मागे सरकत होती आणि उजवी मूठ छातीशी धरून होती. रंगधाम तिला अगदी हळू आवाजात सांगत होता, "पट्टी काढ. तुझं दुसरं काही नको." ती प्लास्टिकची पट्टी ओढून निघत नाही, कापावी लागते. तिने एकदाही ओढून पाहिली नाही, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, "नाही देत."

त्याने तिचा हात धरून खाटेच्या लोखंडी दांडीवर आडवा ठेवला. शहाळं ठेवतात तसा. माझा हात त्याच्या शर्टाला पोचला त्याच वेळी कोयता खाली आला.

या वेळी पाठ नव्हती, धार होती.

बाकीच्या बाळंतिणी टाके विसरून खाटांवरून उड्या टाकत होत्या. मी मागून त्याच्या गळ्याला विळखा घातला. त्याने कोपर मागे मारलं आणि माझं नाक फुटलं. मी पडले. त्याने नागूच्या हातातली पट्टी वरच्या वर काढून घेतली, कारण आता ती सहज निघत होती. तिचा पंजा कातडीला लटकत होता.

जयम्मा कुठूनशी आली आणि तिने नागूच्या हाताला आपल्या साडीचा पिळा घालून आवळलं, शिकवलं होतं तसं, मनगटाच्या वर, जोर लावून. मी दोन्ही हातांनी नागूचं तोंड धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि रागाने म्हणाली, "अम्मा, माझ्याजवळ काय करतेस? तिकडे जा."

मी उठून गेले. आई म्हणून मी तिला सोडून गेले की तिच्या सांगण्यावरून गेले, हे मला कोणी विचारू नये.

बोळात विश्वाराध्य भिंतीला चिकटून बसले होते. शहाळी घरंगळत जिन्यापर्यंत गेली होती. घंटा वाजत होती, पण खाली ढोल चालू होता. रंगधाम दारापाशी उभा होता, आणि सिस्टर दोन्ही बाजूंच्या केळीच्या खांबांना हात लावून मध्ये. मागे सात बाळं, त्यातली चार रडत होती.

"ही घ्या पट्टी," रंगधाम म्हणाला.

सिस्टरांनी ती घेतली. रक्त अंगठ्याने पुसलं आणि वाचली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पट्टी नागरत्नाची आहे. नागरत्ना कुठे आहे?"

"पट्टी आणली ना मी."

"नागरत्ना कुठे आहे?"

"बाजूला हो बाई. तुझ्याशी माझं भांडण नाही."

"मग कोयता खाली ठेव आणि तिला घेऊन ये."

त्याने पहिला वार केला तो केळीच्या खांबात गेला. खांब दोन तुकडे होऊन पडला, त्याचं पाणी दोघांच्या तोंडावर उडालं. दुसरा सिस्टरांच्या खांद्यावर बसला, गळ्याजवळ. त्या खाली बसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या कोयत्याच्या हाताला मिठी मारली आणि दातांनी त्याचा कान धरला. आयुष्यभर तोंडाने भांडलेली बाई ती. तो ओरडायला लागला.

दार माझ्या बाजूला होतं, भिंतीला टेकवलेलं, मूठ गजाला बांधलेली. मी गाठीला हात घातला, ती सकाळइतकीच घट्ट होती. मी सुतळी दाढेखाली धरली आणि कुत्र्यासारखी मान झटकली. एक वेढा तुटला. फुटक्या नाकातून श्वास येत नव्हता, तोंडात सुतळी, त्यामुळे डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. तीन वेढे तुटले. शेवटच्या वेढ्यात माझा खालचा एक दात मुळातून निघाला आणि सुतळीबरोबर गेला.

दार सुटलं. स्प्रिंगने ते ओढून घेतलं आणि ते रंगधामच्या पाठीवर आदळलं. तो पुढे कोलमडला, अर्धा आत, अर्धा बाहेर. मी त्याच्या कमरेचा पट्टा धरून मागे खेचायला लागले. सिस्टर आतून त्याला लाथा मारत होत्या, त्याच्या तोंडावर, पुन्हा पुन्हा, टाच उचलून. तो माझ्या अंगावर बाहेर पडला. दार लागलं. आत कडी पडल्याचा आवाज मी ऐकला.

मग तो दारावर कोयता घालत राहिला. पत्र्यावर नुसते ओरखडे उठत होते. काचेची फट फुटली, पण तिच्यातून हात जात नव्हता, एवढीच ती ठेवलेली होती. "माझा पोरगा," तो म्हणत होता, "माझा पोरगा." मी त्याचे पाय धरून ठेवले होते. त्याने मला कोयता मारायचा म्हणून खाली पाहिलं, तेव्हा रिक्षावाले वर पोचले.

स्टँडवरचे रिक्षावाले, कोहळा बघायला आलेले. त्यांच्या हातात गाडीच्या पूजेतले लोखंडी पाने आणि जॅकचे दांडे होते, सगळ्यांना कुंकू लावलेलं. त्या दिवशी कोणी विश्रांती दिली नाही हत्यारांना. त्यांनी रंगधामच्या दोन्ही गुडघ्यांचा चुरा केला, आणि पोलीस आले नसते तर डोक्याचाही केला असता. मी त्यांना थांबवलं नाही.

नागूला तोवर शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं होतं. आणीबाणीचा संच कपाटात तयार होता म्हणून डॉक्टरांचा हात लगेच चालला. ताटातल्या कुंकवातून सुया उचलाव्या लागल्या असत्या तर तेवढाही वेळ मिळाला नसता. त्यांनी शीर बांधली. पण चार दिवसांची बाळंतीण ती, तिच्या अंगात रक्त होतंच किती. तुमकूरहून रक्त निघालं होतं. रस्त्यावर फुटलेल्या कोहळ्यांत गाड्या घसरत होत्या आणि सगळे मिरवणुकीत. रक्त वेळेवर पोचलं नाही.

डॉक्टर बाहेर येऊन माझ्यापुढे उभे राहिले.  मी म्हणाले, "कळलं डॉक्टर."

मग मी बाळांच्या खोलीकडे गेले. सिस्टरांच्या खांद्याला टाके घालून पट्टी बांधली होती आणि त्या पुन्हा तिथेच बसल्या होत्या, दार लावून. मी फुटलेल्या फटीतून म्हणाले, "बाळ द्या. घरी नेते. तिच्याशेजारी ठेवते एकदा."

"आत ये, मांडीवर घे, हवं तेवढा वेळ घे," त्या म्हणाल्या. "बाहेर नाही देता येणार."

"काय म्हणालात?"

"आई नाही. आता कोणाच्या हातात द्यायचं ते मी ठरवू शकत नाही, केंपम्मा. कोर्ट ठरवेल."

विश्वाराध्य मागून आले होते. दुपारपासून ते माझ्या मागे मागे फिरत होते. म्हणाले, "सिस्टर, आजी आहे ती. आपली केंपम्मा आहे."

"तो बाप होता," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. त्यांच्या खांद्यावरच्या पट्टीतून रक्त पाझरायला लागलं. त्या म्हणाल्या, "अजून मार. बाळ आतच राहील." मी आत जाऊन बाळाला मांडीवर घेतलं आणि तिथेच बसून राहिले. नागूला माझ्या भावाने त्याच्या घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, रंगधामची आई आणि त्याचे तीन भाऊ माझ्या घरी गेले. घर रिकामं होतं. त्यांनी दार फोडलं, भांडी फेकली, पाळणा म्हणून मी आणलेली झोळी कापली आणि तिथून दवाखान्यात आले. त्या बाईने हातातली बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सिस्टरांपुढे धरली आणि म्हणाली, "सण आहे, गोड बोलते. मीही आजीच आहे. माझा वंश माझ्याकडे द्या."

"तुमच्यासारखी अजून एक आजी आत बसली आहे," सिस्टर म्हणाल्या. "तिलाही दिलेलं नाही."

भावांनी बंद दाराकडे पाहिलं, पत्र्यावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं, खाली बसलेल्या दोन पोलिसांकडे पाहिलं. मी आत होते. माझ्या मांडीवर बाळ चोखणं चोखत होतं. मी हललेसुद्धा नाही. ते बाळ मी आदल्या संध्याकाळी माझ्या झोपडीत नेलं असतं तर काय झालं असतं, ते माझी कापलेली झोळी पाहिल्यावर मला कळलं.

डॉक्टरांनी स्वतः तपासणीवाल्यांना कळवलं, दार बांधलं होतं हेसुद्धा. ते आले, सगळ्यांना विचारलं, आणि बोर्ड उतरवला. विश्वाराध्य म्हणाले, "सांगितलं नसतं तर चाललं असतं." डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर दवाखान्याबाहेर काढलं. पुढे वर्ष-दीड वर्षाने बोर्ड परत मिळाला. मधल्या काळात सिस्टरांनी एकही नियम सैल केला नाही, उलट दोन वाढवले. आईच्या नावाची पट्टी कोणत्या हातात असते हे बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही, हा त्यातला एक.

कोर्टाने संक्रांतीनंतर बाळ मला दिलं. तोवर ते दवाखान्यातच होतं, पुढे सरकारी शिशुगृहात, आणि मी रोज जात होते. शिशुगृहाच्या बाईने माझं नाव विचारलं, कागदावर सही घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मी म्हणाले, "बघा, नीट बघा." त्याचं नाव मी नागराज ठेवलं. तो आता अरसीकेरेला पंप दुरुस्त करतो आणि आयुधपूजेला पान्यांना कुंकू लावतो.

माझी मुलगी नागरत्ना त्या वर्षीच्या नवमीला दुपारी तिपटूरला वारली. रंगधाम सहा वर्षांनी तुमकूरच्या तुरुंगात छातीत दुखून वारला. हेमावती सिस्टर गेल्या साली मार्गशीर्षात बेंगळुरूला त्यांच्या भाच्याच्या घरी वारल्या.